खळं दोनदा करावं लागलं: जोत्याला लागून पेव्हर ब्लॉक घालताना पाण्याचा हिशेब

आमच्या खळ्यात, म्हणजे घरासमोरच्या अंगणात, पेव्हर ब्लॉक दोनदा बसले. पहिल्यांदा मे महिन्यात, आठवडाभरात, येणाऱ्या-जाणाऱ्याने थांबून बघावं असे. दुसऱ्यांदा दिवाळीनंतर, तेच ब्लॉक उचलून, सव्वा महिना खपून. मधे एक पावसाळा गेला. त्या वर्षी गणपतीच्या तिसऱ्या दिवशी मखरामागे लावलेला पडदा चिकटपट्टीसकट खाली आला. भिंतीला हात लावला तर ओली, आणि बोटांना पांढरी भुकटी. माजघराच्या भिंतीला लोणा लागला होता. मागच्या पडवीत तर जुलैपासूनच पोतं टाकून ठेवावं लागत होतं.

गाव राजापूर तालुक्यात. घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, मातीत बांधलेलं, कौलारू. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलत इतकी वर्षं उभं आहे. आम्ही डोंबिवलीतली नोकरी संपवून परत आलो तेव्हा सासूबाई चौऱ्याऐंशीच्या होत्या आणि शेणसारवण करायला माणूस मिळत नव्हतं. म्हणून ब्लॉक. ते घालायला नकोत असं मी आजही म्हणणार नाही. पण घराला लागून घालायचे तर काय काय बघायला हवं, ते मला पैसे भरून कळलं. तुम्हाला फुकट सांगते.

आमचं चुकलं कुठे

पहिल्या ठेकेदाराने जमीन खणलीच नाही. होत्या त्या मातीवर मुरूम ओढला, त्यावर डस्ट, म्हणजे दगडाची भुकटी, त्यावर ब्लॉक. मागे आठ इंचांची भर, पुढे त्याहून कमी. पुढच्या बाजूला जोतं, म्हणजे घराचा चौथरा, अठरा इंच होतं, ते थोडं कमी झालं. तिकडे लगेच काही बिघडलं नाही. मागची पडवी मात्र मुळात जमिनीपासून नऊच इंच उंच. आठ गेले, एक उरला. पडवीत पाणी यायला मग कुणाचं आमंत्रण लागणार?

दुसरी चूक उताराची. आमच्या फाटकासमोरचा रस्ता दर डांबरीकरणाला थोडा थोडा वर आला आहे. ठेकेदाराने फाटकाची पातळी धरली आणि तिथून घराकडे दोरी ताणली. गाडी आत घेताना दणका बसू नये म्हणून. खळं दिसायला सपाट, पण उतार रस्त्याकडून जोत्याकडे.

तिसरी चूक माझी. खळं चकचकीत दिसावं म्हणून बाहेरच्या कडेला सिमेंटची सलग पट्टी ओतून घ्यायचा आग्रह मी धरला. ब्लॉकच्या सांध्यांतून खाली गेलेलं पाणी त्या पट्टीला अडलं आणि खालची डस्ट महिनाभर चिखल होऊन राहिली. वरून कोरडं, खाली डबकं, आणि त्या डबक्याच्या एका काठाला आमचं जोतं. चिरा पाणी पितो. सगळ्या गावाला माहीत असलेली ही गोष्ट मला मात्र तेव्हा आठवली नाही.

सासूबाई ओटीवर बसून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, आम्ही दरवर्षी खळं करायचो ते काय हौस म्हणून?" तेव्हा मला नीट समजलं. पावसात माती वाहून जायची, पाऊस सरला की नवी माती घालून चोपायची आणि चोपताना जोत्याकडची बाजू दरवर्षी थोडी उचलून घ्यायची. उतार दरवर्षी नव्याने दिला जायचा. ब्लॉकच्या खळ्याला तो एकदाच द्यायचा असतो, आणि चुकला तर दिवाळीपर्यंत वाट बघण्याखेरीज हातात काही नसतं.

काम शेवटाकडून सुरू करा

दुसऱ्या वेळी वाडीतलेच एक गवंडी आले, पासष्टीचे. ब्लॉकचा नमुना, रंग, भाव यातलं काही विचारलं नाही. म्हणाले, "वहिनी, पाणी सोडायचं कुठे ते आधी दाखवा." मी पऱ्या, म्हणजे आमचा ओढा, दाखवला, घराच्या दक्षिणेला, खळ्याच्या टोकापासून तीस फुटांवर. ते तिथे गेले आणि काठाच्या दगडांवर शेवाळाची रेघ कुठपर्यंत आहे ते बघून आले. पऱ्याला पूर येतो तेव्हा पाणी कुठवर चढतं याची ती खूण. आपल्या पाइपाचं तोंड त्या रेघेच्या वर राहिलं पाहिजे, नाहीतर ऐन पावसात पऱ्याच खळ्यात यायचा.

म्हणजे क्रम असा: पाणी शेवटी कुठे पडणार ते ठरवायचं, त्याची पातळी घ्यायची, आणि तिथून मागे मागे येत घराच्या भिंतीपर्यंत पोहोचायचं. बहुतेक जण भिंतीपासून सुरू करतात आणि शेवटी पाणी शेजाऱ्याच्या गडग्यातून, म्हणजे दगडी कुंपणातून, काढून देतात. भांडणं तिथूनच लागतात.

पाणी किती, याचा अंदाजही घ्या. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमचं खळं चाळीस फूट लांब, चोवीस फूट रुंद. साधारण ९० चौरस मीटर. पुढच्या बाजूला उतरणारं छप्पर आणखी ६० चौरस मीटर. एका दिवसात १५० मिलिमीटर पडला, आणि जुलैत तो आमच्याकडे पडतोच, तर साडेबावीस हजार लिटर. दोन टँकर आणि वर थोडं. तासाला १०० मिलिमीटरच्या हिशेबाने एखादी जोराची सर आली तर मिनिटाला अडीचशे लिटर. चार इंची पाइप नीट उतारात आणि स्वच्छ असेल तर एवढं पाणी नेतो. पण आमच्या डोक्यावर फणस आहे आणि फणसाचं पान पाइपाचा व्यास बघून पडत नाही. आम्ही सहा इंची घातला.

शोषखड्ड्याबद्दल बरेच जण विचारतात. देशावर, जिथे पाणी खोल असतं, तिथे तो चालतो. आमच्याकडे जुलैत विहीर काठापर्यंत भरलेली असते. जमीन आधीच तुडुंब, ती आणखी काय शोषणार? सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, कातळ असेल तर प्रश्नच मिटला. तरी घ्यायचाच असेल तर श्रावणात दोन फूट खोल खड्डा खणून बादल्यांनी भरा आणि सकाळी किती उतरलं ते बघा. उतरलं नसेल तर तो खड्डा खर्चाचा. आणि घरापासून पंधरा फुटांच्या आत, विहिरीच्या आसपास, तो मी तरी घेऊ देणार नाही.

पाण्याच्या नळीने पातळी

मशीनने पातळी घेणारे असतात. आम्ही साधी पारदर्शक नळी वापरली, पन्नास फुटांची. पाणी भरताना नळीचं एक टोक बादलीत बुडवायचं, दुसरं खाली धरून ओढायचं आणि पाणी यायला लागलं की थांबायचं. मधे एकही बुडबुडा राहता कामा नये; बुडबुडा राहिला की माप खोटं. खात्रीसाठी दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरा, पाणी एका रेषेत दिसलं पाहिजे. चालताना दोन्ही टोकांवर अंगठा.

ओटीच्या जमिनीची पातळी आम्ही शून्य धरली आणि ती गेरूने जोत्यावर, फाटकाच्या खांबावर, तुळशीवृंदावनावर आखून घेतली. मग प्रत्येक ठिकाणी त्या रेषेपासून खाली किती, ते टेपने मोजून वहीत लिहिलं. आमचे आकडे असे आले. जोत्यालगत ब्लॉकचा माथा हवा अठरा इंच खाली, म्हणजे जोत्याची जुनी उंची कायम. फाटकाशी रस्ता तेरा इंच खाली. म्हणजे रस्ता जोत्यालगतच्या खळ्यापेक्षा पाच इंच उंच. पऱ्याच्या पुराची रेघ बेचाळीस इंच खाली.

रस्ता उंच असेल तर काय करायचं, हा आमचा खरा प्रश्न होता आणि हल्ली गावोगावी तो हाच आहे. खळं घराकडून रस्त्याकडे उतरवता येत नाही, रस्त्याकडून घराकडे उतरवलं तर काय होतं ते बघून झालं होतं. मग दोन्ही उतार मधे आणून मिळवायचे. जोत्यापासून आठ फुटांवर आम्ही घराला समांतर नाळ, म्हणजे पाणी वाहून नेणारं गटार, घेतली. जोत्यापासून नाळेपर्यंत फुटाला दोन सूत उतार, आठ फुटांत सोळा सूत, म्हणजे दोन इंच. पलीकडे फाटकापासून नाळेपर्यंत सोळा फूट आणि सात इंचांचा फरक, म्हणजे फुटाला साडेतीन सूत. त्या बाजूला उतार जरा जास्त आहे, गाडी लावली की जाणवतो. घरात पाणी येण्यापेक्षा बरा.

फुटाला दोन सूत हे माप लक्षात ठेवा. गवंड्याला टक्के सांगितले तर तो मान हलवतो आणि आपलंच करतो. सूत सांगितलं की त्याला पट्टीवर दिसतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एक सूत उतार गुळगुळीत सिमेंटवर चालून जातो, ब्लॉकवर नाही, कारण ब्लॉकचे सांधे आणि बारीकसारीक उंचसखलपणा तेवढा उतार खाऊन टाकतात.

खणणं आणि जोत्याची उंची

आता खणायचं किती? आमचे ब्लॉक ६० मिलिमीटरचे, म्हणजे अडीच इंचांना जरा कमी. त्याखाली ग्रीट, म्हणजे बारीक खडी, दीड इंच, त्याखाली खडी साडेचार इंच. एकूण साडेआठ. म्हणजे ब्लॉकचा माथा जिथे यायला हवा तिथून साडेआठ इंच खाली. खळ्यात गाडी रोज येत असेल तर ८० मिलिमीटरचे घ्या आणि खडीचा थर वाढवा. ब्लॉक मशीनवर दाबून केलेले, खरबरीत घ्या. रबरी साच्यातले चकचकीत असतात, फोटोत छान दिसतात, आणि पहिल्या शेवाळाला घरातलं म्हातारं माणूस आडवं करतात.

घराच्या आतल्या जमिनीपासून बाहेरचं खळं निदान सहा इंच खाली राहिलंच पाहिजे, सगळ्या बाजूंनी. नव्या घरात जोत्याच्या माथ्यावर ओल अडवणारा थर घातलेला असतो, ज्याला इंजिनिअर डीपीसी म्हणतात. तिथे ते सहा इंच त्या थराच्या खाली मोजायचे. बाहेरची जमीन त्याच्या वर चढली की थर असून नसल्यासारखा. जुन्या चिऱ्याच्या घरात तो नसतोच, म्हणून उंची हाच एक बचाव. सहा इंच मिळत नसतील तर ब्लॉक घराला भिडवूच नका, मधे पट्टा सोडा. त्याचं पुढे सांगते.

जोत्यालगत खणताना हात आखडता घ्या. जुन्या घरांचे पाये उथळ असतात. आम्ही जोत्यालगतचा फूटभर रुंदीचा पट्टा साडेआठ इंच खोल खणलाच नाही, सहा इंचच खणला, तोही एका वेळी चार-चार फुटांचा तुकडा. तिथे खडीऐवजी दोन इंच पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, चांगला उतार देऊन, वर ग्रीट, वर ब्लॉक. जोत्याचा सगळ्यात खालचा थर दिसू लागला तर तिथेच थांबा आणि जाणत्याला बोलवा.

आणि तिथे कधी पाण्याची किंवा मोरीची लाइन टाकायला चर खणला होता का, ते घरच्यांना विचारा. आमच्या मागच्या बाजूला न्हाणीघराची लाइन होती. तो चर नुसती माती लोटून बुजवलेला. अशी माती पहिल्या दोन पावसाळ्यांत बसते, तिच्यावरचे ब्लॉक घराकडे कलतात आणि दिलेला उतार उलटा होतो. माती काढून तीन-तीन इंचांच्या थरात परत भरली, प्रत्येक थर शिंपून धुमसाने ठोकला. कॉम्पॅक्टर यंत्र जोत्यापासून दीड फूट लांबच ठेवलं. मातीत बांधलेल्या चिऱ्याला त्या हादऱ्यांची सवय नाही. भर पुरेशी बसली का याची गवंड्यांची परीक्षा अशी: १० मिलिमीटरची सळई हाताने दाबायची, दोन इंचांच्या वर गेली तर परत ठोका.

उतार तळाला

जर एकच वाक्य गवंड्याला सांगणार असाल तर हे सांगा: उतार ब्लॉकला नाही, तळाच्या मातीला द्यायचा. ब्लॉकवरून सगळं पाणी वाहून जात नाही, काही सांध्यांतून खाली उतरतं. ते खाली गेल्यावर तळ ज्या बाजूला उतरता असेल तिकडे चालू लागतं. वरचा उतार पऱ्याकडे आणि तळ घराकडे असेल तर तुम्ही वरून झाडू मारत राहाल आणि खालून पाणी जोतं भिजवत राहील. पुष्कळ कामांत तळ सपाट ठेवून उतार डस्टच्या थरात काढतात, एका बाजूला चार इंच, दुसऱ्या बाजूला एक. जिथे चार इंच तिथे ती बसते आणि ब्लॉक खाली जातात.

म्हणून आधी माती उतारात तासून घ्या, दर सहा फुटांवर खुंटी मारून दोरीने तपासा, ठोका. मग खडीचा थर सगळीकडे सारख्याच जाडीचा. खडी काळ्या दगडाची, ४० आणि २० मिलिमीटरची मिसळून. चिऱ्यांचे तुकडे फुकट मिळतात म्हणून घालू नका. वर्षानुवर्षं पाण्यात राहिले की मऊ पडतात. खडीवर जिओटेक्स्टाइलचं कापड, म्हणजे ग्रीट खडीत शिरत नाही. त्यावर दीड इंच ग्रीट, डस्ट नव्हे. डस्टमध्ये पीठ असतं, ते पाणी धरून ठेवतं. आमची पहिली डस्ट उचलली तेव्हा घमेल्यात थापटली तर गोळा होत होती.

नाळ आम्ही सिमेंटची केली, आतून सहा इंच रुंद. तिचं तोंड सगळीकडे एका पातळीत, तळ मात्र सुरुवातीला नऊ इंच खोल आणि चाळीस फुटांवर चौदा इंच. फुटाला एक सूत. पुढे तीस फूट पाइप पऱ्यापर्यंत, तोही जवळपास त्याच उताराने. शेवटी पाइपाचा तळ शून्य रेषेपासून अडतीस इंचांवर सुटतो, पुराच्या रेघेच्या चार इंच वर. वहीतले आकडे इथे जुळले तेव्हा गवंड्यांनी पहिल्यांदा चहा मागितला.

नाळेच्या दोन्ही भिंतींना खडीच्या थराच्या तळाशी दर तीन फुटांवर एक इंची पाइपाचे तुकडे घालून भोकं ठेवली. ही विसरू नका. नाहीतर नाळेची भिंतच माझ्या त्या कडेच्या पट्टीसारखी पाणी अडवते. वर जाळी उचलता येईल अशी. सिमेंटने चिकटवलेली जाळी दिसली की समजावं, करणाऱ्याने पाला काढायचा विचार केलेला नाही. नाळ जिथे पाइपाला मिळते तिथे दीड फुटी चौकोनी चेंबर, तळ पाइपापेक्षा सहा इंच खोल, म्हणजे गाळ तिथे बसतो.

पागोळ्या

पुढच्या बाजूला आम्ही पन्हळ लावली आणि तिचा पाइप थेट चेंबरात नेला. पन्हळीचा पाइप ब्लॉकवर मोकळा सोडणं हे सगळ्यात वाईट. एका जागी छपराचं सगळं पाणी पडून महिन्याभरात सांध्यांतली वाळू जाते आणि तिथले ब्लॉक खचतात. पन्हळ नसली तरी हेच होतं, फक्त लांब रेघेत. पागोळ्यांच्या खालची ओळ दरवर्षी आधी खचते, बघा कुणाच्याही खळ्यात. शिवाय मातीवर पडलेली पागोळी मातीत जिरायची, ब्लॉकवर पडलेली उडते आणि जोत्याचा हातभर भाग रोज भिजवते. मग पश्चिमेला झापं बांधून झड अडवली तरी खालून ओल येतेच.

मागच्या बाजूला पन्हळ बसवण्यासारखं छप्पर नव्हतं आणि पडवीची उंचीही कमी. तिथे ब्लॉक पडवीपासून तीन फूट लांब थांबवले आणि मधल्या पट्ट्यात नदीचे गोटे भरले. पण नुसते गोटे भरू नका! तळ सपाट ठेवून गोटे भरले तर तो घराला लागून खणलेला हौद होतो. आम्ही पट्ट्याच्या तळाशी तीन इंच पीसीसी घातली, पडवीकडून बाहेर उतरती, फुटाला चार सूत. बाहेरच्या कडेला भोकं पाडलेला चार इंची पाइप, भोकं खालच्या अंगाला, कापडात गुंडाळलेला, तो फिरवून चेंबरात. त्यावर गोटे. मांजराला हा पट्टा आवडत नाही, सासूबाईंना आवडतो; पागोळ्यांचा आवाज खळ्यापेक्षा बरा येतो म्हणतात.

ब्लॉक आणि जोतं यांच्यामधल्या फटीत सिमेंटचा वाटा, म्हणजे तिरकी कड, मारून देतो म्हणणारे भेटतील. ब्लॉक थोडे हलतात, जोतं हलत नाही, त्यामुळे वर्षभरात तिथे केसासारखी चीर पडते आणि पाणी नेमकं तिथूनच आत जातं. आम्ही अर्धा इंच फट ठेवून त्यात डांबरी पट्टी उभी घातली. कडेची माझी लाडकी पट्टी फोडून परत केली, आता दर चार फुटांवर तिला भोक आहे.

ब्लॉक बसवायच्या आधी पाणी ओता

खडी दाबून झाली की थांबा. जोत्याच्या कडेने होजपाइप सोडा आणि एक चहा होईपर्यंत बघा पाणी कुठे जातं. मग ब्लॉक बसल्यावर, सांध्यांत वाळू भरण्याआधी, परत. जिथे डबकं राहील तिथे खडूने गोल. त्याच दिवशी ते चार-सहा ब्लॉक उचलून ग्रीट घालून बसवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. ठेकेदार निघून गेल्यावर ते सहा महिन्यांचं होतं. वाळू कोरडी, बारीक, दोनदा भरायची: एकदा ब्लॉक बसल्यावर, एकदा यंत्र फिरवल्यावर. पहिल्या पावसाळ्यानंतर तिसऱ्यांदा, जिथे कमी झाली असेल तिथे.

मे महिन्यात काम काढू नका. गवंडी सगळ्यांनाच हवे असतात आणि मृगाच्या भीतीने सगळे घाईत असतात. दिवाळी ते शिमगा हा वेळ चांगला.

ब्लॉक आधीच घालून बसला असाल तर

सगळं उखडायला निघू नका. आधी एका मोठ्या सरीत छत्री घेऊन खळ्यात उभ्या राहा आणि पाणी जाताना बघा; मी मोबाइलवर चित्रं काढून ठेवली होती, गवंड्यांना तेवढी पुरली. जोत्यालगतच्या तीन-चार फुटांतच बिघाड असेल तर तेवढेच ब्लॉक उचला, तळ घराकडून बाहेर उतरता तासा, परत बसवा. ब्लॉकचं हेच तर सुख आहे, फरशीसारखे फोडावे लागत नाहीत. भर फार झाली असेल आणि खाली जाता येत नसेल तर घरालगतच्या एक-दोन ओळी कायमच्या काढून तिथे नाळ घ्या.

आणि ओल आली म्हणून आतून वॉटरप्रूफ रंग किंवा सिमेंटचा गिलावा चढवू नका. आमच्याकडे एकाने तसंच सुचवलं होतं. चिऱ्यात चढलेल्या पाण्याला बाहेर पडायची जागा हवी असते. ती बुजवली तर ते आणखी दोन हात वर चढून तिथे पोपडे काढतं. पाणी तोडलं की भिंत आपणहून वाळते, पण सावकाश. आमच्या माजघराला पुढचा पूर्ण उन्हाळा लागला. लोणा कोरड्या कुंचल्याने झाडत राहिले, धुतला नाही.

आता देखभाल म्हणाल तर जाळ्या पावसाआधी एकदा आणि मग दर रविवारी, चेंबरातला गाळ गणपतीच्या आधी. शेवाळाला ब्लीचिंग पावडर टाकून खराटा. पन्हळीत पाला साठतो तो काढायला शिडीवर चढणारा मुलगा आधीच बोलून ठेवा.

तीन पावसाळे झाले. घरात ओल नाही. तुळशीवृंदावनाच्या मागे, जिथे फाटकाकडचं पाणी अडून दोन बाजूंनी वळतं, तिथे परातीएवढं एक डबकं अजून राहतं आणि त्यात दुपारी चिमण्या येतात. आठ ब्लॉक उचलायचे आहेत. गवंडीकाका दिवाळीनंतर येतो म्हणालेत.